मे महिन्यात धरणाकाठी मुक्काम करायचा तर

उन्हाळी सुट्टीत मुलांना घेऊन पाण्याकाठी एक रात्र काढायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. गिरणाऱ्याच्या अंगाला गंगापूर आणि कश्यपी, मुंबई रस्त्याला वालदेवी आणि मुकणे, घोटीच्या पुढे वैतरणा, इगतपुरीला भावली. दीड-दोन तासांच्या आत यातल्या कुठल्याही काठावर पोचता येतं. काजवे बघायचे असतील तर मेअखेर भंडारदरा. पण तिथली गर्दी वेगळी आणि आजूबाजूला अभयारण्य असल्यामुळे नियमही वेगळे. ही नोंद घराजवळच्या धरणांची आहे, आणि त्यातही बॅकवॉटरच्या काठाची.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. मे महिन्यातलं धरण हे आटत चाललेलं पाणी असतं. दिवाळीत पाणी जिथे होतं तिथून ते आता बरंच खाली, कुठे कुठे शे-दोनशे मीटर आत गेलेलं असतं. मध्ये जो सपाट, मोकळा, फोटोत सुंदर दिसणारा पट्टा उघडा पडतो तो म्हणजे धरणाचा तळ. बहुतेक लोक गाडी थेट तिथे उतरवतात आणि पाण्याला चिकटून तंबू ठोकतात. आमच्या मते मुक्कामाला याहून वाईट जागा नाही. जागा चुकली की वारा, पाऊस, विंचू, मुलांचं पाण्यात जाणं, गाडी अडकणं, सगळं एकदम अंगावर येतं. जागा बरोबर निवडली की उरलेलं काम थोडं राहतं. म्हणून जागेवरच जास्त लिहितोय.

उघड्या पडलेल्या तळावर गाळाच्या मोठाल्या भेगाळलेल्या पाट्या दिसतात. वरची दोन-तीन इंच माती कडक वाळलेली असते, माणूस आरामात चालतो, त्यामुळे गाडीही चालेल असं वाटतं. खाली मात्र माती लोण्यासारखी मऊ असते. फूटभर लांबीची सळई हाताने दाबून बघा. तळहाताच्या जोराने ती अर्ध्याच्या वर आत गेली तर तिथे गाडी न्यायची नाही आणि तंबूही लावायचा नाही, कारण त्या जमिनीत खिळा धरत नाही. सळई दोन-तीन इंचांवर खडखडून अडली तर खाली मुरूम आहे, तिथे थांबा. गुरांच्या खुरांचे ठसे खोल उमटलेले असतील, तर सळई न लावताही उत्तर मिळतं.

गाडी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक फिरत राहिलं की ते स्वतःचाच खड्डा खोल करतं, आणि चेसिस मातीला टेकली की ढकलून उपयोग होत नाही. सगळ्यांना खाली उतरवा, चारही टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत कमी करा, चाकापुढची आणि मागची माती खुरप्याने तिरकी काढा, तिथे पोती किंवा गाडीतल्या मॅट घाला, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने हळू मागे घ्या. पुढे काढण्याचा मोह बहुतेक वेळा अंगाशी येतो, कारण पुढची जमीन आणखी ओली असते. तेवढ्याने नाही निघाली तर जवळच्या वस्तीवर ट्रॅक्टर असतोच. हवा कमी केलेली गाडी डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची नाही, म्हणून सिगारेट-सॉकेटवर चालणारा छोटा पंप सोबत ठेवा.

गाडी मुरमाच्या टणक जागेवर, तोंड रस्त्याकडे करून लावायची. वाटेत काळ्या मातीचा शेतरस्ता असेल तर गाडी त्याच्या अलीकडेच ठेवा आणि सामान पायी न्या. वळवाची एक सर आली की तो रस्ता संपला. काळी माती टायरला चिकटून मडगार्डपर्यंत भरते आणि मग सकाळपर्यंत तिथेच.

खड्ड्यांचा धोकाही मे महिन्यात असतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे बऱ्याच जलाशयांमधून या दिवसांत पोकलेनने गाळ काढतात आणि शेतकरी ट्रॅक्टर भरभरून नेतात. शेताच्या दृष्टीने फार चांगलं काम आहे. पण मागे उभ्या कडांचे खड्डे राहतात, कधी पुरुषभर खोल. कोरड्या भागातले दिसतात, पाण्याखालचे दिसत नाहीत. मातीच्या धरणांना लागणारी माती आणि मुरूमही बहुधा जवळपासच खणलेली असते. गंगापूरची भिंत साडेतीन किलोमीटरहून लांब, पूर्ण मातीची, १९६५ ची. एवढी माती कुठून तरी उचलावीच लागते. त्याशिवाय बुडालेलं जुनं नदीपात्र, जुन्या विहिरी, तोडलेल्या झाडांचे बुंधे. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं टाकली की डोक्यावर पाणी, हे धरणात जागोजागी घडू शकतं. समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जाणारा तळ इथे गृहीत धरू नका.

तर तंबू कुठे? पाण्यापासून किमान पन्नास-साठ पावलं मागे आणि दोन-तीन मीटर वर, पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणेच्या जवळपास. ती खूण ओळखायला सोपी: खाली उघडी माती आणि शिंपले, वर खुरटं गवत आणि झुडपं सुरू होतात ती रेघ. तिच्या थोडं वर, मुरमाड, किंचित उताराची जागा बघा. अगदी सपाट जागेवर पाणी साचतं, घळीत ते वाहत येतं. दोन्ही टाळा. खाली बाभळीचे काटे असतातच. झाडूने नाही निघत, हाताने वेचावे लागतात. मुलांना हे काम द्या, पायात बूट घालून. एक काटा राहिला तरी हवा भरायची गादी रात्री दोन वाजता जमिनीला टेकते.

सावलीचा हिशेब लोक संध्याकाळचा करतात, तो सकाळचा करायला हवा. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास वर येतो आणि साडेसातला तंबूची भट्टी होते. तंबूच्या पूर्वेला टेकडी किंवा झाडांची रांग असेल तर मुलं आठ-साडेआठपर्यंत झोपतात, नाहीतर सात वाजता घामाघूम होऊन सगळे बाहेर. झाड पूर्वेला हवं, डोक्यावर नको. निलगिरीच्या फांद्या वाऱ्याने अचानक मोडतात, आणि विजेच्या दिवसांत एकट्या उंच झाडाखाली झोपणं धोक्याचं आहे.

आता तंबू. ‘चार जणांचा’ म्हणून विकतात तो चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपली तर पुरतो. दोन मोठे आणि दोन लहान मुलं बसतात, पण पिशव्या गाडीत. वरचं कापड, म्हणजे फ्लायशीट, कमीत कमी दोन हजार मिलिमीटर पाण्याचा दाब धरणारं घ्या. हा आकडा लेबलवर असतो. सोबत येणारे तारेचे बारीक खिळे आपल्या मुरमात पहिल्याच ठोक्याला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून किंवा लोहाराकडून दहा मिलिमीटर सळईचे फूटभर लांबीचे, वर वाकवलेले खिळे करून घ्या. कोपरे, मधले हूक आणि दोऱ्या धरून चौदा-पंधरा लागतात, वीस न्या. दोन पौंडी हातोडा हवाच, दगडाने ठोकताना बोट जातं. खिळा सरळ उभा ठोकू नका. त्याचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं ठेवून तिरका ठोकला, की दोरीच्या ओढीने तो उपसून येत नाही.

खिळा धरत नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत आठ-दहा किलो दगड भरायचे, गोणी फूटभर खोल पुरायची आणि दोरी तिला बांधायची. चार कोपऱ्यांना चार गोण्या. मेहनत आहे, पण वावटळीत तंबू जागेवर राहतो.

दार पश्चिमेला ठेवायचं नाही. नाशिकच्या बाजूला मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि अंधार पडल्यावरही बराच वेळ वाहतो. दार वाऱ्याकडे असलं की तंबू शिडासारखा फुगतो आणि काड्या सांध्यापाशी चिरतात. कमी उंचीची, निमुळती बाजू पश्चिमेला, दार पूर्वेला किंवा ईशान्येला. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. ती बाहेर डोकावली, की फ्लायशीटवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर जमतं आणि सरळ तंबूखाली शिरतं. पावसात तंबू ‘गळला’ अशी जी तक्रार असते, तिच्यामागे अनेकदा हीच ताडपत्री असते.

गरमीमुळे रात्री फ्लायशीट काढून नुसत्या जाळीत झोपावंसं वाटतं. वाटू दे. पण ती पूर्ण काढू नका. पश्चिमेच्या बाजूचे खिळे आणि दोऱ्या लावलेल्याच ठेवा आणि उरलेलं कापड गुंडाळून वर बांधा. वळवाचा पाऊस दार वाजवून येत नाही. दहा मिनिटं आधी वारा एकदम पडतो, मग थंड झोत येतो, धूळ उडते, आणि पाठोपाठ टपोरे थेंब. त्या दहा मिनिटांत अंधारात खिळे शोधायचे नसतात, गुंडाळलेलं कापड फक्त सोडायचं असतं.

विजेसाठी तंबूवर भरवसा ठेवू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी गाडीत बसायचं, काचा बंद करायच्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजा दाखवतं, ते घरूनच डाउनलोड करून ठेवा. काठावर रेंजचा भरवसा नसतो.

मुलं आणि पाणी याबाबत आम्ही कडक आहोत. पाण्यात उतरायचं तर लाईफ जॅकेट घालूनच, मोठ्यांनीसुद्धा. जॅकेट बसतंय का हे बघायला मुलाचे दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात अंगावरून निघून जाईल. लहान मुलांना पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. रबरी ट्यूब आणि हवेचे बदक अजिबात नको. गंगापूरची भिंत पूर्वेला, पाणी पश्चिमेकडे पसरलेलं. पश्चिम काठावरून पाण्यात सोडलेली ट्यूब वारा भिंतीच्या दिशेने, म्हणजे खोल पाण्याकडे घेऊन जातो, आणि तिच्यामागे पोहत जाणारा माणूस दमतो. हे इतकं सहज घडतं की ट्यूब घरीच राहिलेली बरी.

काठावर एक फेकदोर तयार ठेवा. पंधरा मीटर नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, त्यात पेलाभर पाणी. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, पेलाभर पाण्याने त्याला फेकण्याइतकं वजन येतं आणि तो तरंगतोही. बुडणाऱ्याकडे स्वतः उडी मारू नये, कॅन त्याच्या पलीकडे फेकून दोरी त्याच्यावरून ओढायची. भिंतीजवळ, सांडव्यापाशी आणि भिंतीच्या खालच्या अंगाच्या नदीपात्रात पोरांना नेऊच नये. उन्हाळ्यात शेतीची आणि पिण्याच्या पाण्याची आवर्तनं सुटतात तेव्हा खालचं पाणी बघता बघता वाढतं. मासेमारांची जाळी कुठे लावली आहेत हेही आधी विचारून घ्या. पाय जाळ्यात अडकला तर चांगला पोहणाराही हतबल होतो.

गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं. त्यामुळे काठावर साबण नको, भांडी नको, अंघोळ नको. भांडी पाण्यापासून शंभर पावलं लांब, राखेने घासा आणि खरकटं पाणी खड्ड्यात ओता. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खुरप्याने खणायचा आणि नंतर पूर्ण बुजवायचा. डायपर, पॅड, ओले टिश्यू पुरायचे नाहीत, कुत्री ते उकरतात. दुहेरी पिशवीत बांधून घरी.

पिण्याचं पाणी घरून न्या. चार माणसांच्या कुटुंबाला दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला वीस लिटरचा एक जार नेमका पुरतो. हात-तोंड आणि भांड्यांना आणखी वीस लिटर. बर्फ फोडलेला नको. लिटरच्या बाटल्या तीन बोटं रिकाम्या ठेवून घरीच फ्रीजरमध्ये गोठवा आणि आइसबॉक्सच्या तळाशी रचा. सकाळपर्यंत दूध टिकतं आणि वितळलं की प्यायला गार पाणी. आइसबॉक्स घरी रात्रभर आधी गार करून ठेवला तर फरक लगेच कळतो.

जेवण साधं ठेवा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, सात वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. दोन मोठ्यांना आणि दोन मुलांना खिचडी पोटभर होते. सोबत घरून आणलेल्या भाकरी, ठेचा, कांदा, भाजून नेलेले पापड. पन्ह्याचा गर गुळासह बरणीत न्यावा, एका भागाला चार भाग पाणी. कुकर सव्वासहाला चढवा. सात वाजता सूर्य मावळतो, त्यानंतर दिवा लावला की किडे ताटात. जेवण झाल्यावर दिवा तंबूपासून पंधरा-वीस फूट लांब टांगायचा आणि पिवळ्या उजेडाचा घ्यायचा.

चूल नको, गॅसच. मे महिन्यात गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी वणवा लावते आणि वारा तो टेकडीवर नेतो. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा द्या, पण सिलिंडर त्या आडोशाच्या बाहेर हवा. चारी बाजूंनी झाकलेला सिलिंडर तापतो. कोळशाची शेगडी कितीही विझल्यासारखी वाटली तरी तंबूत न्यायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

विंचू आणि साप यांच्यासाठी सवयी लावून घ्यायच्या. तंबूची चेन कायम बंद, दिवसाही. बूट तंबूच्या आत उलटे ठेवायचे आणि घालताना झटकायचे. दगड उचलायचा तर आपल्यापासून लांबच्या कडेने उचलायचा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे पळतं. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च मिळतो. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपण्याआधी तंबूभोवती दहा पावलांच्या वर्तुळात तो फिरवून घ्या. काळ्या इंगळीपेक्षा लहानसा तांबूस विंचू जास्त घातक. मुलाला चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर एक क्षणही घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे यावर प्राझोसिन हे औषध रूढ झालं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं.

सापांत मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश फारसा दुखतही नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर जखम दिसो न दिसो, सर्पदंश समजूनच निघा. चिरा द्यायच्या नाहीत, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीला बांधून स्थिर ठेवायचा आणि १०८ ला फोन. वाटेवरच्या सगळ्यात जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव आणि रस्ता निघण्याआधीच कागदावर लिहून गाडीत ठेवा.

परवानगीबद्दल थोडक्यात. पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेपर्यंतची जमीन बहुतेक जलसंपदा विभागाची असते, तिथे रात्री थांबायचं तर विचारून. म्हणून वरच्या बाजूच्या शेतकऱ्याशी बोलून त्याच्या पडीक तुकड्यावर तंबू लावणं सगळ्यांत बरं. मुक्कामाचे पैसे आधी ठरवा आणि गावच्या पोलीस पाटलांना कुटुंबाची माहिती आणि गाडीचा नंबर देऊन ठेवा. गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात लावलेली, काकडी-कलिंगडं काठावर असतील तर त्या वाफ्यांतून चालू नका. नांदूरमध्यमेश्वर मात्र या यादीत नको. ते पक्षी अभयारण्य आहे, रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे पहाटे दुर्बीण घेऊन जावं आणि परत यावं.

सकाळी आवरताना तंबू ओला असेल तर तसाच गुंडाळून पिशवीत कोंबू नका. घरी गच्चीवर सावलीत, तळ वर करून, दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा. कडक उन्हात ठेवलेलं कापड विरतं. शिवणींमध्ये ओल सगळ्यात उशिरापर्यंत राहते, तिथे हात लावून बघा. खिळ्यांची माती धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवा आणि ते वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर कापडाला गंजाचे डाग आणि भोकं पडतात. पुढे जूनपासून चार महिने हवा दमट. तंबू घट्ट गुंडाळून ठेवला तर आतला मेणासारखा थर चिकट होऊन सुटतो. तेव्हा तो मूळ पिशवीत न भरता सुती गोधडीच्या खोळीत सैल घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा आणि गणपतीच्या आसपास एकदा बाहेर काढून झटका.